शीतगृहातल्या स्प्रिंकलरची चाचणी: तयारीची यादी आणि एक बायपास व्हॉल्व्ह

शीतगृहातल्या स्प्रिंकलर यंत्रणेच्या चाचणीची तयारी मी आता कागदावर लिहूनच करतो, कारण एकदा ती तोंडी केली आणि एअर ड्रायरचा बायपास व्हॉल्व्ह उघडा राहिला. तिथे पाणी गोठू नये म्हणून पाइपांमध्ये पाण्याऐवजी दाबाखालची हवा भरलेली असते. ती ड्रायरमधून कोरडी होऊन आत जाते, आणि बायपास म्हणजे ड्रायर टाळून जाणारी वाट. चाचणी व्यवस्थित पार पडली होती, अलार्म वेळेवर वाजला होता, अहवालावर सह्याही झाल्या होत्या. पुढच्या वार्षिक तपासणीत उणे २५ अंशांच्या दालनाच्या भिंतीलगतचा पाइपचा जोड उघडला, तेव्हा आत दगडासारखा घट्ट पांढरा बर्फ होता आणि मधोमध जेमतेम पेन्सिल जाईल एवढे भोक उरले होते. त्या काळात तिथे आग लागली असती, तर स्प्रिंकलरचा बल्ब फुटूनही पाणी भिंतीपाशीच अडले असते.

चाचणीची वेळ अग्निशमन दलाला, अलार्मवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राला आणि पाळीवरच्या सर्वांना आधी कळवावी. यंत्रणा बंद असेपर्यंत पहाऱ्याला माणूस हवा. एनएफपीए २५ हे अशा यंत्रणांच्या तपासणी-देखभालीचे अमेरिकी मानक २४ तासांत १० तासांहून अधिक काळ यंत्रणा बंद राहणार असल्यास पहाऱ्यासारखी पर्यायी व्यवस्था मागते. पण फोम भरलेल्या भिंतींच्या इमारतीत, जिथे आग पॅनेलच्या आतून नकळत पसरू शकते, तिथे मी पहिल्या मिनिटापासून माणूस उभा करतो. हातमोजे, वॉकीटॉकी, विजेऱ्या यांबद्दल वेगळे सांगायला नको.

ज्या खोलीत ड्राय पाइप व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपांमधल्या हवेच्या दाबाने पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, असतो, तिथे व्हॉल्व्हच्या खालच्या बाजूला कायम पाणी उभे असते. त्यामुळे त्या खोलीचे तापमान ४ अंशांच्या खाली जाता कामा नये. हीटर चालू दिसतो एवढ्यावर समाधान मानू नये, थर्मामीटर वाचावा.

ट्रिप टेस्ट, म्हणजे हवेचा दाब उतरवल्यावर हा व्हॉल्व्ह उघडतो का ते पाहणारी चाचणी, दरवर्षी करायची असते आणि दर तीन वर्षांनी पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून करायची असते, मात्र गोठणाऱ्या दालनातल्या पाइपमध्ये ओल शिरणार नाही अशा रीतीनेच. त्यासाठी थंड भागाच्या बाहेर, राइझरवर (वर जाणाऱ्या मुख्य उभ्या पाइपवर), ड्राय पाइप व्हॉल्व्हच्या वरच्या अंगाला एक व्हॉल्व्ह असतो. तो आधी बंद करून पाणी टेस्ट ड्रेनमधून बाहेर काढायचे. हा व्हॉल्व्ह आदल्या दिवशीच शोधावा आणि फिरवून पाहावा, कारण वर्षभर न हललेला व्हॉल्व्ह ऐन वेळी अडकतो. तो बसवलेलाच नसेल, तर तो बसेपर्यंत पाणी सोडून चाचणी करू नये. आत गेलेले पाणी उतार आणि ड्रेन यांच्या भरवशावर पूर्ण निघत नाही, आणि जे उरते ते निघण्याआधीच गोठते.

आता हवा. आमची चूक झाली त्या वेळी, यंत्रणा बंदच आहे तर काही जुने स्प्रिंकलर बदलून घेऊ, असे ठरले आणि त्यासाठी दालनातल्या सगळ्या पाइपांमधली हवा सोडावी लागली. काम संपल्यावर हवा परत लवकर भरायची घाई होती. ड्रायरमधून हवा सावकाश जाते, म्हणून ड्रायरला वळसा देणारा बायपास उघडला आणि दाब पाहता पाहता वर आला. तो बायपास नंतर कोणी बंद केलाच नाही. गेज बरोबर दाब दाखवत होता, कारण गेजला हवा कोरडी की दमट हे कळत नाही. पुढचे कित्येक महिने कॉम्प्रेसर थोडी थोडी हवा भरत राहिला, त्या हवेतली वाफ भिंत ओलांडताच गोठत राहिली आणि बर्फाचे कडे आतून जाड होत गेले.

म्हणून बायपास उघडायचाच नाही, कितीही घाई असली तरी. चाचणीच्या वेळापत्रकात हवा भरण्यासाठी पुरेसा वेळ धरावा. तो मिळत नसेल तर कोरड्या नायट्रोजनची सिलिंडरे आधी मागवून ठेवावीत. बायपासला कुलूप लावावे आणि अहवालावर सही करणाऱ्याने त्याची किल्ली स्वतःजवळ ठेवावी. ड्रायर कोणत्या जातीचा आहे तेही पाहावे: हवा गार करून पाणी काढणारा साधा ड्रायर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते) शून्याच्या वर साधारण ३ अंशांपर्यंतच आणतो, आणि उणे २५ अंशांच्या दालनासाठी तो निरुपयोगी आहे. शोषक दाण्यांचा ड्रायर हवा, ज्याचा दवबिंदू उणे ४० पर्यंत जाऊ शकतो. आणि त्याच्या काचेतून दाण्यांचा रंग पाहावा, कारण ओल धरलेले दाणे रंग बदलतात. चाचणीआधी दाणे बदलावेत, बायपास बंद असल्याची खात्री करावी. चाचणीनंतर, हवा भरून झाल्यावर, बायपास पुन्हा पाहावा. दुसऱ्या कोणी पाहिला असला तरी स्वतः पाहावा.

भिंतीलगतचा जोड वर्षातून एकदा उघडून आत बर्फ आहे का ते तपासायचेच असते. ते काम चाचणीच्या दिवसालाच जोडून घ्यावे. आमच्याकडे ते झाले नसते, तर काहीच कळले नसते.

पुढचे थोडक्यात. राइझरमधले पाणी काढावे, ड्राय पाइप व्हॉल्व्हची बैठक पुसून तो पुन्हा बसवावा, प्रायमिंगचे पाणी (हवा गळू नये म्हणून बैठकीवर ठेवतात ते) असल्यास त्याची पातळी पाहावी, हवा भरावी, मग वरचा व्हॉल्व्ह उघडावा आणि शेवटी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. दोन्ही पूर्ण उघडे आहेत याची नोंद करून सील लावावे. ज्यांना बंद झाल्याचे कळवले होते, त्यांना सुरू झाल्याचेही कळवावे. दुसऱ्या दिवशी दाब पुन्हा वाचावा, आणि तो वाचायला जाताना ड्रायरपाशी थांबून बायपासच्या हँडलला हात लावून यावे.