समलंब चौकोनाचा मधला रेख: कात्रीने कापून समजून घ्या

समलंब चौकोनाच्या असमांतर बाजूंचे मध्यबिंदू जोडले, की मिळणारा रेख समांतर बाजूंना समांतर असतो आणि त्याची लांबी त्या दोन बाजूंच्या बेरजेच्या निम्मी असते. परीक्षेपुरतं हे पाठ होतं. पण ही निम्मी बेरीज येते कुठून, हे एकदा हाताने करून बघायलाच हवं.

आलेख कागदावर १० सेमीचा पाया अब काढा. त्याच्या ४ सेमी वर, डावीकडून १ आणि उजवीकडून ३ सेमी आत सरकून, ६ सेमीचा रेख डक काढा. अड आणि बक जोडा. अड चा मध्यबिंदू प, बक चा फ. आता पफ मोजा. बरोबर ८ सेमी भरेल.

आता चौकोन कापून घ्या आणि ड पासून फ पर्यंत सरळ कात्री चालवा. सुटलेला डफक हा तुकडा फ भोवती अर्धा फेरा फिरवा, म्हणजे क बिंदू ब वर येईल आणि ड पायाच्या सरळ रेषेत पलीकडे जाईल. त्या नव्या जागेला म म्हणू. चौकोनाचा त्रिकोण झाला! तुकडा तंतोतंत बसतो, कारण कफ आणि बफ सारखे, फ पाशी विरुद्ध कोन सारखे आणि डक व अब समांतर असल्यामुळे व्युत्क्रम कोनही सारखे. म्हणजे त्रिकोण डफक आणि मफब एकरूप आहेत.

सगळं मर्म इथेच आहे. नवा पाया अम म्हणजे १० आणि ६ मिळून १६. फ हा डम चा मध्यबिंदू, प हा अड चा. त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या मध्यबिंदूंचं प्रमेय नववीत येतंच. ते लावलं की पफ हा अम ला समांतर आणि त्याच्या निम्मा, म्हणजे ८.

क्षेत्रफळाचं सूत्रही इथेच हाती लागतं: ८ गुणिले उंची ४, म्हणजे ३२ चौसेमी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) नियम हाच आहे: भू (पाया) आणि मुख (वरची समांतर बाजू) यांच्या बेरजेचं अर्ध, गुणिले लंब (उंची).

उलटं गणित आलं, म्हणजे मधला रेख ८ आणि एक बाजू ६ दिली, तर आधी ८ ची दुप्पट करा, मग ६ वजा करा. थेट ८ मधून ६ वजा करून २ लिहिणारे पुष्कळ असतात.

आणखी दोन ठिकाणी घोटाळा होतो. कर्ण जिथे छेदतात तिथून पायाला समांतर रेख काढला तर तो मधला रेख नव्हे. आपल्या चौकोनात तो ७.५ सेमी भरतो. शिवाय मधला रेख उंची निम्मी करतो, क्षेत्रफळ नाही. वरचा भाग १४ चौसेमी, खालचा १८.