पुळणीवर भरावाचं काम चालू असेल तर मुलांना घेऊन दिवस कसा काढावा

आम्ही सहा जण छत्र्या, घमेली, फावडी घेऊन पोचलो, तर समोर नारिंगी जाळी. पलीकडे बुलडोझर आणि जाड लोखंडी पाइप. झिजलेल्या पुळणीवर नवी वाळू आणून टाकायचं, म्हणजे भरावाचं, काम चालू होतं. धाकटी रडायलाच लागली. सासूबाई म्हणाल्या, "परत फिरायचं का गं?" नाही फिरलो. तेव्हा आणि नंतरच्या दोन खेपांत जे कळलं ते सांगते.

अख्खा किनारा सहसा बंद नसतो. ड्रेजर समुद्रतळाची वाळू उपसतो, ती पाण्यासकट पाइपातून किनाऱ्यावर येते, बुलडोझर पसरवतात. एक पट्टा झाला की पाइप वाढवतात आणि जाळी पुढे सरकते. काम बऱ्याचदा रात्रीही चालतं, म्हणून गेल्या आठवड्यातल्या माहितीवर निघू नका. पोचल्यावर जाळीपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "आज काम कुठल्या बाजूला सरकणार?" आम्ही विचारलं नव्हतं. भर दुपारी सगळं गुंडाळून हलावं लागलं.

बसायची जागा जुन्या, भराव न पडलेल्या वाळूवर निवडा, पण जाळीपासून चांगली लांब. पाण्यात गढूळ पट्टा कुठे वाहतोय तेही बघा आणि त्याच्या उलट बाजूला जा. पाइप ओलांडायचा तर वाळूचा उतार करून दिलेला असतो तिथूनच. पाइपाच्या तोंडाजवळची वाळू वरून घट्ट दिसते, पण पाय आत जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवा भराव पडलेली पुळण ओळखीची समजू नका. आमचा नऊ वर्षांचा मुलगा तिथे नेहमी दहा पावलं आत जायचा. या वेळी तिसऱ्याच पावलाला पाणी छातीला लागलं. त्याचे बाबा शेजारीच होते म्हणून लगेच धरलं. भरावाचा उतार सुरुवातीला तीव्र असू शकतो. लाटा वाळू ओढून नेतात तसा तो हळूहळू सपाट होतो. तोवर आधी मोठ्या माणसानं पाण्यात उतरून खोली बघायची, मग मुलांनी. दर वेळी, अगदी जेमतेम तासाभरानं परत उतरलात तरीही.

लाटा भरावाला उभा कडाही पाडतात, कधी मुलाच्या उंचीचा. त्याच्या खाली खेळणं, कोरणं बिलकूल नको, तो अंगावर ढासळतो. नवी वाळू काळपट दिसली तर घाबरू नका, उन्हानं बहुतेक वेळा उजळते. शिंपल्यांचे तुकडे मात्र टोचतात, चपला ठेवा. वर गवत लावलेलं असेल तर त्यातून वाट काढू नका. त्याच्या मुळांनी आणि पात्यांनीच वाळू अडते.

मुलांना हे काम दाखवा, मी तर म्हणेन मुद्दाम दाखवा. नेदरलँड्समध्ये २०११ साली 'झँडमोटर' नावाचा भराव केला, सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा. एकाच ठिकाणी ढीग घातला आणि पुढे पसरवण्याचं काम वारा, लाटा, प्रवाहांवर सोडलं. आम्ही तेच छोटं करून पाहिलं. भरती चढत असताना पाण्याच्या कडेला घमेल्या-घमेल्यांनी ढीग केला, दोन्ही बाजूंना शिंपले मांडून खुणा केल्या आणि वाळू कुठे जाते ते बघत बसलो. वाळू काढताना खड्डा सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि निघताना तो बुजवायचा. धाकटी शेवटपर्यंत उठली नाही. तिच्या बाजूचा शिंपला आधी बुडाला होता.