चिकट सापळे: रंग आणि गोंदाच्या या चुका टाळा

चिकट सापळा म्हणजे रंगवून गोंद लावलेली फळी; उडणारी कीड रंगाला भुलून येते आणि चिकटते. "सापळे लावले, पण उपयोग शून्य," असं कुणी म्हणालं की मी आधी तो सापळा दाखवा म्हणतो. बहुतेक वेळा उत्तर त्या फळीवरच मिळतं.

'पिवळा तो पिवळा, त्यात काय बघायचं?'

त्यातच तर सगळं आहे. मावा आणि पांढरी माशी हिरव्या प्रकाशाकडे ओढल्या जातात आणि निळा मिसळला की मागे हटतात. पान त्यांना याच हिशोबाने सापडतं. भडक पिवळा पृष्ठभाग ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पानापेक्षा कितीतरी जास्त परततो आणि निळा जवळजवळ गिळून टाकतो. म्हणजे किडीच्या लेखी ते पानाहून सरस पान! फिकट, साईसारख्या पिवळ्यात पांढरा मिसळलेला असतो, त्यामुळे निळाही परत येतो आणि ओढ कमी होते. घरात उरलेला कुठलातरी पिवळा डबा संपवायला सापळे करू नका.

जळकं ऑइल

या चुकीवर मी जरा जास्तच बोलतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याने शेडनेटमधल्या टोमॅटोत पत्र्याचे तुकडे रंगवून टांगले. रंग छान निवडला होता. वरून मात्र गाडीतून काढलेलं काळं ऑइल फासलं, कारण ते फुकट होतं. "बघा, एकही माशी नाही. आपला प्लॉट स्वच्छ आहे," असं मोठ्या खुशीत सांगितलं. मी शेंड्याजवळची पानं हलवली तर पांढऱ्या माशीचा भुरका उडाला. वरची पानं वळायलाही लागली होती, आणि पानं वळवणाऱ्या पर्णगुच्छ रोगाचा विषाणू हीच माशी पसरवते. पत्र्यावर चिकटली होती ती फक्त धूळ.

रंग बोलावतो, गोंद धरून ठेवतो, पण गोंदानेच रंग झाकला तर बोलावणार कोण? म्हणून गोंद पारदर्शक हवा आणि न वाळणारा हवा. तयार सापळ्यांवर बहुधा पॉलीब्युटीनसारखा चिकट पदार्थ असतो. कागद चिकटवायचा पांढरा गोंद वाळून कडक होतो, तो इथे कामाचा नाही. एरंडेल तेल किंवा फिक्या रंगाचं ग्रीस चालतं, पण उन्हात ते पातळ होऊन ओघळतं, पावसातही टिकत नाही, मग पुन्हा पुन्हा लावावं लागतं. तेवढा उत्साह नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. थरही पातळच द्यायचा. जाड लेप जास्त किडी धरत नाही, पानांवर गळतो मात्र नक्की.

फेरी मारताना मी फळीला बोट लावतो. बोट उचलताना तार सुटली तर ठीक, कोरडं वाटलं तर फळी बदलायची. धूळ बसली की गोंद कितीही चांगला असो, तो संपला. मेलेल्या किडींनी फळी काळी पडली तरी तेच, कारण पिवळा दिसतच नाही. "अजून थोडी जागा आहे" म्हणणाऱ्यांना मी काही सांगायचं सोडून दिलंय.

बाकीच्या, थोडक्यात

फुलकिड्यांसाठी निळा लावा. काही जाती पिवळ्यावरही येतात, म्हणून शंका असेल तर दोन्ही.

सापळा शेंड्याच्या किंचित वर हवा. पीक वाढतं तसा तो वर सरकवा. लावणीच्या वेळी बांधलेला सापळा पुढे पानांत गडप झालेला मी नेहमी बघतो.

लाल कोळी आणि पिठ्या ढेकणाच्या मादीला पंखच नसतात, त्यामुळे फळी कितीही रंगवा. बोंडअळीच्या पतंगासाठी कामगंध सापळा (मादीच्या वासाने नराला ओढणारा) वेगळा.

सापळ्यावर येते ती उडणारी, वाढ झालेली कीड. अंडी आणि पिल्लं पानामागे तशीच राहतात. त्यामुळे चार फळ्या टांगून फवारणीपासून सुटका शोधणाऱ्या उतावीळ मंडळींची निराशा ठरलेली. उघड्या शेतात मी सापळ्यावर किती किडी चिकटल्या तो आकडा बघून पान उलटतो, निर्णय पान बघून घेतो.

आणि फळीवर ढालकिडे, क्रायसोपा असे कीड खाणारे मित्रकिडे दिसायला लागले किंवा फुलोऱ्यात मधमाश्या चिकटू लागल्या तर ती फळी त्याच दिवशी उतरवा. नवी लावताना कोपऱ्यात तारीख लिहा, नाहीतर फळीवरचे किडे दोन दिवसांत आले की महिन्याभरात, ते कळत नाही.