गोठ्यातली वासरं, करडं आणि कमी उजेड: लेन्स कशी निवडाल?

धारा काढायच्या वेळी वासरू सोडलं जातं, आणि नेमका तेव्हाच गोठ्यात उजेड म्हणजे आढ्याला लटकणारा एक बल्ब. फोटो हलतो. विचारलं की तीनच सल्ले मिळतात: ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझेशनवाली लेन्स घ्या, फ्लॅश मारा. पहिल्या दोन गोष्टी तुमचा हात स्थिर करतात, वासराला नाही. समोरून मारलेल्या फ्लॅशने पिल्लू बुजतं, शेजारी बांधलेली गाय बिथरते आणि डोळ्यांत हिरवट चकाकी येते. इथे कामाला येते ती मोठ्या अ‍ॅपर्चरची प्राइम (झूम न होणारी) लेन्स. अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. कोणती लेन्स, ते तुमच्या गोठ्यातला उजेड ठरवतो.

आधी उजेड मोजा

कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स ५५ मिमीवर ठेवा, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२००. वासराच्या अंगावर कॅमेरा रोखून शटरचा आकडा वाचा. एका बल्बच्या गोठ्यात, बल्बच्या जवळ, तो १/४० सेकंदाच्या आसपास येतो.

आता गरज पाहा. पेंगणाऱ्या वासराला १/१२५ पुरतं. आचळाला ढुशा देत पिणाऱ्याला १/२५० लागतं, उधळलेल्या वासराला १/५००. उडी मारणारं करडू हवेत गोठवायचं तर १/१०००, आणि तेवढा वेग एका बल्बच्या उजेडात मिळत नाही. ते फोटो सकाळी गोठ्याच्या दाराशी काढावेत.

एफ/२.८ वर एफ/५.६ च्या चौपट प्रकाश येतो, म्हणजे १/४० चं १/१६० होतं. एफ/१.८ वर जवळजवळ दसपट येतो, म्हणजे १/४००. महागडी, जडशीळ एफ/२.८ झूम घेऊनही पिणारं वासरू हललेलंच येणार. तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त ५० मिमी एफ/१.८ हे काम करते. ताडोबात पहाटे दूरवरचे बछडे टिपायचे असतील तर ७०-२०० एफ/२.८ योग्य, गोठ्यात नाही.

खरी अडचण: डोळा स्पष्ट, नाक धूसर

बहुतेकांचे फोटो इथे फसतात. एफ/१.८ ची लेन्स आणली, पहिल्याच दिवशी वासराच्या तोंडाशी जाऊन फोटो काढले, आणि निम्मे धूसर निघाले. मग लेन्सला दोष दिला जातो, किंवा कुणीतरी सांगतं, ‘एफ/४ वर ने.’ एफ/४ वर नेलं की १/४०० चं पुन्हा १/८० होतं. मग ती लेन्स घेतलीच कशाला?

हिशोब असा. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान) ५० मिमी लेन्स, एफ/१.८, वासरू एक मीटरवर: पुढून मागून धरून जेमतेम ३ सेंमी पट्टा स्पष्ट येतो. वासराच्या डोळ्यापासून नाकापर्यंतचं अंतर वितीपेक्षा थोडंच कमी. पट्टा पुरणार कसा? आता तसंच दोन मीटरवर उभे राहा. पट्टा ११ सेंमी होतो. अंतर दुप्पट केलं की पट्टा चौपट होतो, आणि शटरचा वेग जरासुद्धा कमी होत नाही. म्हणून अ‍ॅपर्चर बंद करू नका, मागे सरा. फ्रेम सैल ठेवा आणि नंतर कापा; २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा निम्मा भाग कापला तरी छापायला भरपूर उरतो.

लेन्स बदलून हा प्रश्न सुटत नाही, हे ठामपणे सांगायला हवं. वासराचं डोकं फ्रेमभर हवं असेल तर ३५ घ्या, ५० घ्या की ८५, एकाच अ‍ॅपर्चरला स्पष्ट पट्टा जवळजवळ तेवढाच राहतो. एफ/१.४ वर तर तो आणखी आक्रसतो, आणि प्रकाशाचा फायदा दीडपटीहून जरा जास्त, एवढाच. त्या पैशांत दोन एफ/१.८ लेन्सा येतील. आणखी वेग हवा तर आयएसओ ६४०० करा आणि रॉमध्ये (प्रक्रिया न झालेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. दाणे नंतर कमी करता येतात; हललेला डोळा सरळ होत नाही.

३५ की ५०?

दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर दोन मीटरवरून ३५ मिमीच्या फ्रेमची रुंदी सुमारे १.३ मीटर, ५० ची ०.९ मीटर, ८५ ची अवघी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त. करडं, घरातली मांजराची पिल्लं आणि अरुंद गोठा असेल तर ३५. वासराचं डोकं-खांदे हवे असतील तर ५०. ८५ नको, अख्खं वासरू बसवायला मागे जावं तर पाठ भिंतीला टेकते. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) हेच काम अनुक्रमे ५० आणि ८५ करतात.

किमान फोकस अंतरही पाहा. निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स (क्रॉप कॅमेऱ्यांसाठीची) ३० सेंमीपर्यंत फोकस करते, त्यांची ५० मिमी एफ/१.८जी ४५ सेंमीपर्यंत. वासरू लेन्स चाटायला पुढे येतंच, म्हणून हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) लावलेला असू द्या.

घेताना

जुनी निकॉन ५० मिमी एफ/१.८डी स्वस्त मिळते, पण तिच्यात मोटर नाही. डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांवर ती ऑटोफोकस करत नाही. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात वर्तमानपत्र तिरकं धरून एका ओळीवर फोकस करा, एफ/१.८ वर दहा फोटो काढा. दरवेळी पुढची किंवा मागचीच ओळ स्पष्ट येत असेल तर दुसरा नग मागा. मिररलेसला ही भानगड जवळपास नसते.

बल्बही तपासा

लेन्स चांगली असूनही १/४०० वर एखादा फोटो काळपट, पुढचा पिवळट, किंवा आडवे पट्टे आलेला दिसला तर दोष बल्बचा. आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करा, इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. फोनच्या स्लो-मोशन व्हिडिओत बल्ब लुकलुकताना दिसला तर तो बदला, आणि बदलतानाच शेजारी तसाच दुसरा लावा: उजेड दुप्पट, १/४०० चं १/८००.