किमान वेतन वाढतं तेव्हा या चुका टाळा: गोव्यातल्या हॉटेल, दुकान, कारखानेवाल्यांसाठी

किमान वेतन पाच वर्षांनी एकदा बदलतं, असं अजूनही बरेच पात्रांव (मालक) धरून चालतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पाच वर्षांची मुदत आहे ती मूळ दरांच्या फेरविचाराची. त्यावरचा महागाई भत्ता, म्हणजे व्हीडीए, गोव्यात १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा बदलतो, कारण तो ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेला असतो. म्हणजे तारखा आपल्याला आधीच माहीत आहेत, फक्त आकडा माहीत नसतो. तरी दरवेळी एप्रिलमध्ये धावपळ होते, सीएला फोन जातात आणि तोवर जुन्याच दराने पगार होऊन गेलेला असतो.

नोटिफिकेशन हातात येईपर्यंत थांबणं

कधी कधी व्हीडीएचा आदेश तारखेनंतर निघतो, पण लागू मात्र मागच्या तारखेपासून होतो. मग दोन-तीन महिन्यांचा फरक एकदम द्यावा लागतो, त्यावरचा पीएफही येतो, आणि नेमके त्याच महिन्यात हातात पैसे नसतात. त्यासाठी मार्च आणि सप्टेंबरमध्येच एक अंदाजी रक्कम बाजूला ठेवा. गोवा सरकारचं राजपत्र ऑनलाइन फुकट वाचता येतं, कामगार खात्याचं ऑफिस पणजीला पाटो प्लाझाला श्रमशक्ती भवनात आहे, शंका असेल तर सरळ जाऊन विचारा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर पगार काढू नका, त्यात बऱ्याचदा दुसऱ्याच राज्याचे दर असतात.

फक्त रोजची वाढ बघणं

समजा रोज १२ रुपये वाढले. २६ दिवसांचे झाले ३१२. मालक म्हणतो, ठीक आहे, वीस माणसं, सहा हजार दोनशे चाळीस, देऊया. पण पगार १५,००० च्या आत असेल तर पीएफचा मालकाचा वाटा खर्चासकट १३ टक्के, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ३.२५ टक्के, बोनस कमीत कमी ८.३३ टक्के (बोनसचा हिशोब ७,००० किंवा किमान वेतन, यातलं जे जास्त असेल त्यावर होतो, त्यामुळे व्हीडीए वाढला की बोनसही वाढतो), शिवाय ग्रॅच्युइटी आहेच. हे सगळं धरलं की ३१२ चे जवळजवळ ४०० होतात. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, तो यात अजून धरलेलाच नाही. हॉटेलात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ओव्हरटाइम किती होतो ते सगळ्यांना माहीत आहे, तो जुन्या दराच्या दुप्पट लावला तरी पैसे कमीच पडतात आणि कामगाराला ते पहिल्या नजरेत कळतं.

एचआरए (घरभाडे भत्ता) दाखवून आकडा भरून काढणं

इथे मी जरा जास्त थांबतो, कारण आत्ता सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. वेतन संहिता, म्हणजे वेतनाचा नवा कायदा, २०१९ ची, पण ती बाकीच्या तीन कामगार संहितांसोबत लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. १९४८ च्या जुन्या किमान वेतन कायद्यात घरभाडे भत्ता वेतनात धरला जायचा. नव्या व्याख्येत धरत नाहीत. वेतन म्हणजे बेसिक, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाऊन्स (काम बंद असतानाही माणूस टिकून राहावा म्हणून दिलेला भत्ता). एचआरए, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, मालकाचा पीएफ हे सगळं बाहेर. मात्र हे बाहेरचं एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झालं तर जास्तीचा भाग परत वेतनात मोजतात.

आता हिशोब बघा. एकूण पगार २०,०००, त्यात बेसिक आणि डीए ८,०००, बाकी १२,००० एचआरए आणि प्रवास भत्ता. निम्मे म्हणजे १०,०००, वरचे २,००० वेतनात आले, म्हणून वेतन झालं १०,०००. त्या कामाचं किमान वेतन महिन्याला १३,००० असेल तर हा मालक वीस हजार देऊनही कायद्याने ३,००० कमी देतोय! पगारपत्रक पीएफ वाचवायला बनवलेलं असतं आणि त्याचा फटका इथे बसतो. बेसिक आणि डीए किमान वेतनाच्या वर न्या, मग बाकी भत्ते काय ते ठेवा. पीएफ थोडा वाढेल, वाढू दे, तो पैसा कामगाराच्या म्हातारपणाचा आहे.

सीझनचं बोलणं ऑगस्टमध्ये करणं आणि तोच आकडा मेपर्यंत ओढणं

शॅक (किनाऱ्यावरची हंगामी हॉटेलं), गेस्ट हाऊस, वॉटर स्पोर्ट्सवाले पावसातच माणसं ठरवतात. ओडिशा, झारखंड, नेपाळचे मुलगे ऑक्टोबरमध्ये येतात, म्हणजे कामाचा पहिला दिवसच नव्या व्हीडीएचा, आणि सीझनच्या शेवटी १ एप्रिलला तो परत बदलतो. एका सीझनमध्ये दोन बदल! आधी ठरलंय, त्याने होय म्हटलंय, सही केलीय, यातलं काहीच उपयोगाचं नाही, किमान वेतनापेक्षा कमी घ्यायला कामगाराने मान्यता दिली तरी तो करार कायद्यात रद्दच. बोलतानाच सांगा, एवढा पगार किंवा त्या वेळचं किमान वेतन, यातलं जे जास्त ते.

टिप्स म्हणजे पगार नव्हे, त्या गिऱ्हाइकाने दिलेल्या असतात. राहणं-जेवण देतो म्हणून तोंडी पैसे कापणं हेही बंद करा, कपात कायद्यात बसणारी हवी, पगाराच्या स्लिपवर दिसायला हवी आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. आणि मेमध्ये शॅक उतरवताना "पैसे गावाला पाठवतो" म्हणून पाठवू नका, काम संपवलं किंवा माणसाने सोडलं की दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशोब द्यायचा आहे.

कंत्राटदारावर सोडून देणं

सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, लोडिंग यांचं कंत्राट वर्षाचं असतं आणि दर ठरलेला. एप्रिलला व्हीडीए वाढतो, कंपनी म्हणते रेट तोच, कंत्राटदार मग कुठून काढणार, रखवालदाराच्या पगारातूनच काढतो. बारा तास उभा राहणाऱ्या माणसाच्या खिशातून आपली बचत होऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि तसंही ती बचत टिकत नाही, कंत्राटदाराने दिले नाहीत तर जबाबदारी फिरून मूळ मालकाकडेच येते. करारात एक ओळ घाला: किमान वेतन जेवढं वाढेल तेवढी वाढ आणि त्यावरचा पीएफ, ईएसआय वेगळा मिळेल, सर्व्हिस चार्ज तेवढाच राहील. बिल पास करताना बँक ट्रान्सफरचा पुरावा मागा. हे वेर्ण्याच्या कारखान्याला लागू आहे तसंच पणजीतल्या हाऊसिंग सोसायटीलाही.

अजून एक, गोव्यात काम आहे म्हणून गोव्याचेच दर असं नसतं. मुरगाव बंदर, रेल्वे, खाणी ही केंद्राच्या अखत्यारीतली कामं, तिथे केंद्राचे दर बघायचे. तिथे राज्याचे दर धरून टेंडर भरलं की नुकसान ठरलेलंच.

हेल्पर हा शब्द सगळ्यांना चिकटवणं

मशीन चालवणारा हेल्पर, तंदूर सांभाळणारा हेल्पर. वर्ग कामावरून ठरतो, रजिस्टरमधल्या नावावरून नाही. प्रत्येकाचं काम एकदा बघून अकुशल, अर्धकुशल, कुशल असं लिहून काढा. बाई आणि बाप्या तेच काम करत असतील तर दर तोच.

चूक झालेली असेल तर

लगेच फरक काढा, महिन्यावार, माणसावार, आणि बँकेतून द्या. पहिल्या वेळी खटला भरण्याआधी निरीक्षकाने लेखी सांगून दुरुस्तीची संधी द्यायची असते, पण पाच वर्षांत तीच चूक परत झाली तर ती संधी नाही. कमी वेतनाला दंड ५०,००० पर्यंत, पाच वर्षांत पुन्हा केलं तर १ लाखापर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कामगार आता तीन वर्षांपर्यंत दावा करू शकतो, पूर्वी किमान वेतनासाठी सहा महिने होते, आणि फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई लागू शकते. पैसे दिले हे सिद्ध करायचं काम मालकाचं, म्हणून हजेरी, ओव्हरटाइमचे तास, स्लिपची कॉपी सगळं जपून ठेवा, सोडून गेलेल्या माणसांचंसुद्धा, आणि त्यांचा फरक निघत असेल तर त्यांच्या खात्यातही तो जमा करा.