सिन्स लावायचं की फॉर? आपल्या पोरांसाठी सोपं करून

दहावीचं असो की तलाठी भरतीचं, आपल्याकडचं लेकरू इंग्रजीत इथंच अडकते, अन् त्यात त्याचा काही दोष नाही, आपल्या बोलण्यात दोन्हीकडे ‘पासून’च येते ना. पोळ्यापासून पाणी नाही, तीन हप्त्यांपासून पाणी नाही. इंग्रजीत मात्र पोळ्याले सिन्स लागते अन् तीन हप्त्यांले फॉर.

म्हणून ‘पासून’च्या आधीचा शब्द पकडायचा. पोळा, सोमवार, सकाळ, १९६०, म्हणजे गोष्ट जिथून सुरू झाली ती वेळ दाखवता येत असंल तं सिन्स. तीन हप्ते, दहा मिनिटं, दोन वर्षं, असा काळ मोजलेला असंल तं फॉर. इट हॅज नॉट रेन्ड सिन्स पोळा. इट हॅज नॉट रेन्ड फॉर थ्री वीक्स. महाराष्ट्र हॅज बीन अ स्टेट सिन्स १९६०.

पण खरे मार्क जातात ते क्रियापदात, अन् शिकवतानी याच्याकडेच कमी लक्ष देतात याचं मले लय वाईट वाटते. आपण म्हणतो ‘मी दोन वर्षांपासून यवतमाळात राहतो’, राहतो म्हणजे वर्तमानकाळ, मग पोरगं सरळ लिहिते आय ॲम लिव्हिंग इन यवतमाळ सिन्स टू इयर्स. एका वाक्यात दोन चुका. गोष्ट आधी सुरू झाली अन् अजून चालूच आहे तं इंग्रजीले हॅव नाही तं हॅज पाह्यजेच: आय हॅव बीन लिव्हिंग इन यवतमाळ फॉर टू इयर्स. सकाळपासून लाइन नाही, तं देअर हॅज बीन नो पॉवर सिन्स मॉर्निंग, इथं ‘देअर इज’ चालत नाही.

फॉरले मोकळीक जास्त. संपलेल्या गोष्टीले साध्या भूतकाळात चालते, गांधीजी लिव्ह्ड इन सेवाग्राम फॉर मेनी इयर्स. पुढच्या गोष्टीलेही चालते, आय विल स्टे इन नागपूर फॉर टू डेज. या दोन्ही जागी सिन्स बसत नाही.

सिन्सचा दुसरा अर्थ ‘कारण’ असाही होते, सिन्स द बस वॉज लेट, आय वॉक्ड. तिथं वेळेचा नियम लावू नका.

अन् लास्ट वीक आला की नीट पाहा. सिन्स लास्ट वीक म्हणजे मागच्या हप्त्यात कधीतरी सुरू झालं तेव्हापासून, फॉर द लास्ट वीक म्हणजे हे गेले सात दिवस. दोन्ही बरोबर आहेत, फक्त फॉरसोबतचा तो ‘द’ खाऊ नका.