टीव्ही प्रक्षेपणाचा ५.१ आवाज घरच्या संगणकावर कसा मिळवावा

पाच स्पीकर आणि सबवूफर मांडून झाले, सगळ्यांचे दिवे लागले, तरी मागचे दोन स्पीकर गप्प. अशा वेळी दोष स्पीकरमध्ये क्वचितच असतो. एक तर वाहिनीवरून मुळातच दोन चॅनेलचा आवाज येत असतो, किंवा सहा निघालेले असतात आणि वाटेत कुठेतरी त्यांचे दोन होतात. म्हणून स्पीकरची खरेदी शेवटी करावी. आधी वाहिनी, मग ट्यूनर (डिशचा सिग्नल संगणकात घेणारे उपकरण), प्लेअर, विंडोज आणि वायर अशा क्रमाने जावे आणि प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट पाहावी: इथे सहा आहेत का? (या लेखात टीव्हीवर लागते ती ‘वाहिनी’ आणि एका स्पीकरसाठीचा वेगळा आवाज तो ‘चॅनेल’; ५.१ म्हणजे पाच स्पीकरचे पाच आणि सबवूफरचा एक, असे सहा चॅनेल.)

वाहिनीवर काय येते

डीडी फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्यांचा आवाज एमपेग लेयर-२ प्रकारचा, दोन चॅनेलचा असतो. फक्त फ्री डिशसाठी ५.१ संच घेणार असाल तर घेऊ नका. तोच आवाज पाच ठिकाणी वाटला जाईल, एवढेच.

खासगी डीटीएचच्या काही एचडी वाहिन्यांवर, विशेषतः चित्रपट आणि खेळांच्या, डॉल्बी डिजिटल किंवा डॉल्बी डिजिटल प्लस या रूपात खरा ५.१ आवाज असतो. पण या वाहिन्या कुलूपबंद असतात. संगणकातला ट्यूनर त्या उघडू शकत नाही, कंपनीचा सेट-टॉप बॉक्सच लागतो. त्याचा मार्ग पुढे दिला आहे. ट्यूनरसाठी उरतात मुक्त वाहिन्या. त्यांतल्या कोणत्या एसी३ म्हणजे डॉल्बी डिजिटलचा प्रवाह देतात, हे उपग्रह स्कॅन करूनच पाहावे लागते.

डिश आणि ट्यूनर

डीव्हीबी-एस२ (उपग्रह प्रक्षेपणाची नवी पद्धत) चालणारा ट्यूनर घ्या. जुना, नुसता डीव्हीबी-एस चालणारा घेतला तर कित्येक एचडी वाहिन्या स्कॅनमध्ये दिसणारच नाहीत. आत बसणारे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड किंवा बाहेरचा यूएसबी ट्यूनर, दोन्ही चालतात. एलएनबीला (डिशसमोरच्या दांड्यावर बसणाऱ्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) लागणारे १३ आणि १८ व्होल्ट ट्यूनरच पुरवतो. म्हणून यूएसबी ट्यूनरसोबत आलेला अडॅप्टर लावायला विसरू नका. तो नसेल तर सॉफ्टवेअरला ट्यूनर दिसतो, पण सिग्नल शून्य येतो. युनिव्हर्सल एलएनबी असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ९७५० आणि १०६०० हे त्याच्या वारंवारितेचे (मेगाहर्ट्झमधले) दोन आकडे भरावेत.

उदाहरणादाखल, गोव्यातून जीसॅट-१५ साठी डिशची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२७ अंश, म्हणजे आग्नेयेकडे, आणि उंची सुमारे ६१ अंश. पणजी असो की काणकोण, फरक अर्ध्या-पाऊण अंशाचा. ऑफसेट डिश असल्यामुळे तबकडी तेवढी वर पाहताना दिसत नाही. ब्रॅकेटवर छापलेल्या अंशांवर भरवसा ठेवा. एलएनबीचा पीळ मात्र लोक हमखास विसरतात. डिशच्या मागे उभे राहून उपग्रहाकडे तोंड केले तर एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ५० अंश फिरवावा लागतो. तिथून पुढे सिग्नलची गुणवत्ता पाहत थोडे थोडे हलवा.

माडांची चिंता फारशी करू नका. उंची ६१ अंश असल्यामुळे डिशपेक्षा १० मीटर उंच असलेला माड साडेपाच मीटरच्या आत आणि नेमका आग्नेयेला असेल तरच आड येतो. खरा शत्रू खारा वारा. किनाऱ्यालगतच्या गावांत उघडा एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) एका पावसाळ्यात हिरवा पडतो. जोडावर स्वतःशी चिकटणारा रबरी टेप गुंडाळा आणि आरजी-६ केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोलातूनच गळून जाईल. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांच्या वेळी ही केबल ट्यूनरमधून काढून ठेवा. ती थेट मदरबोर्डपर्यंत जाते.

सहा आहेत का, ते पाहणे

वाहिनी व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा आणि कंट्रोल व जे एकत्र दाबा. उघडणाऱ्या खिडकीत प्रत्येक प्रवाहाची माहिती असते. ऑडिओपुढे ए५२ किंवा एसी३ आणि चॅनेलपुढे ‘३एफ२आर/एलएफई’ असे दिसले तर काम झाले: पुढे तीन, मागे दोन आणि सबवूफरचा एक. एसी३ असूनही चॅनेलपुढे ‘स्टिरिओ’ असेल तर तो डॉल्बीच्या पाकिटातला दोन चॅनेलचा आवाज आहे. डॉल्बीचे चिन्ह दिसले म्हणजे ५.१ आलाच, हा समज इथे सोडून द्यावा लागतो.

एकाच वाहिनीवर दोन ऑडिओ ट्रॅक असतात तेव्हा प्लेअर बहुधा पहिला, म्हणजे दोन चॅनेलचा, उचलतो. ऑडिओ मेनूतून दुसरा निवडून पाहा. ट्रॅक दिसतच नसेल तर ती वाहिनी पुन्हा स्कॅन करा. वाहिनीने नंतर ट्रॅक वाढवला असेल तर जुन्या यादीत तो नसतो.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसी३ चा डीकोडर (दाबलेला आवाज उलगडणारा भाग) विंडोजसोबत येत नाही. त्यामुळे नव्या संगणकावर विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये चित्र दिसते आणि आवाज येत नाही. व्हीएलसी आणि कोडी या प्लेअरांकडे स्वतःचे डीकोडर आहेत, तेच वापरा.

संगणकातून बाहेर

तीन वाटा आहेत आणि प्रत्येकीची मर्यादा वेगळी.

सर्वांत स्वस्त वाट ॲनालॉग. मदरबोर्डच्या मागे पाच-सहा भोके असतील तर हिरवे पुढच्या दोघांचे, काळे मागच्यांचे, नारिंगी मधला स्पीकर आणि सबवूफर यांचे. तीनच भोके असतील तर रिअलटेकच्या (मदरबोर्डवरच्या साउंड चिपच्या) सॉफ्टवेअरमधून निळे मागच्यांना आणि गुलाबी मधल्याला व सबवूफरला देता येते. मग कंट्रोल पॅनेलच्या साउंडमध्ये प्लेबॅक, त्यात आपले उपकरण, कॉन्फिगर, आणि ५.१ निवडून प्रत्येक स्पीकरवर टेस्ट दाबा. बोलण्याचा आवाज सबवूफरमधून घोगरा येत असेल तर मधला आणि सबवूफर यांची अदलाबदल झाली आहे. पिन काढून पाहण्याआधी सॉफ्टवेअरमधला अदलाबदलीचा पर्याय पाहा. या वाटेवर डीकोडिंग प्लेअरच करतो, म्हणून पासथ्रू (एसी३ न उलगडता बाहेर पाठवणे) बंद ठेवा.

दुसरी वाट ऑप्टिकल. ही वायर दोन चॅनेलचा साधा आवाज किंवा दाबून बसवलेला एसी३ नेऊ शकते. सहा चॅनेलचा साधा, न दाबलेला आवाज (पीसीएम) तिच्यात मावत नाही आणि डॉल्बी डिजिटल प्लसही नाही. म्हणून प्लेअरमध्ये पासथ्रू चालू करा आणि एसी३ जसाच्या तसा ॲम्प्लिफायरकडे जाऊ द्या. प्लसवाली वाहिनी असेल तर कोडीमध्ये चॅनेलची संख्या २.० ठेवा, एसी३ पासथ्रू चालू करा आणि मग डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग (आवाज एसी३ मध्ये बदलून पाठवणे) चालू करा. २.० हा आकडा इथे चुकीचा वाटतो, पण ट्रान्सकोडिंगचा पर्याय त्याशिवाय उघडत नाही. पासथ्रूमध्ये व्हीएलसीचा आवाजाचा स्लायडर काम करत नाही, हेही लक्षात ठेवा. आवाज ॲम्प्लिफायरवरूनच कमी-जास्त करायचा.

तिसरी एचडीएमआय, आणि ॲम्प्लिफायरला एचडीएमआय असेल तर हीच घ्यावी. आठ चॅनेलपर्यंतचा साधा पीसीएम आणि दोन्ही डॉल्बी हिच्यातून जातात. फक्त क्रम सांभाळा: संगणकातून ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून टीव्हीत. आधी टीव्हीत जोडले तर टीव्ही संगणकाला ‘माझ्याकडे दोनच स्पीकर आहेत’ असे कळवतो आणि विंडोजमध्ये ५.१ चा पर्यायच दिसत नाही.

सेट-टॉप बॉक्स असेल तर

बॉक्सच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट बहुधा पीसीएम किंवा स्टिरिओवर असते. ते डॉल्बी डिजिटल, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रूवर न्या. मग बॉक्सची ऑप्टिकल वायर संगणकात न नेता सरळ ऑप्टिकल इनपुट आणि डॉल्बी डीकोडर असलेल्या ५.१ स्पीकर संचात द्या; संगणकाची ॲनालॉग जोडणी त्याच संचाच्या दुसऱ्या इनपुटवर राहील. बॉक्सचे चित्र आणि आवाज संगणकात घेणाऱ्या एचडीएमआय कॅप्चर कार्डाच्या मागे लागू नका. बॉक्सच्या एचडीएमआयवर नक्कल रोखणारे कुलूप असते आणि बहुतेक स्वस्त कार्डे आवाजाचे दोनच चॅनेल घेतात.

जुळवून झाल्यावर

जाहिरात लागली की क्षणभर आवाज तुटतो, ही तक्रार सर्रास होते. चित्रपट ५.१ मध्ये आणि जाहिरात २.० मध्ये आली की ॲम्प्लिफायर प्रत्येक वेळी बदललेल्या आवाजाशी नव्याने जुळवून घेतो. एचडीएमआय किंवा ॲनालॉग असेल तर कोडीमध्ये पासथ्रू बंद करून आउटपुट कॉन्फिगरेशन ‘फिक्स्ड’ आणि चॅनेल ५.१ ठेवा. मग येणारा आवाज कसाही असो, बाहेर कायम सहाच जातात.

मुसळधार पावसात टिकटिक आणि तुटकपणा येतो तो केयू बँडचा, म्हणजे हा उपग्रह वापरतो त्या लहरींचा, स्वभाव आहे. एसी३ ची एक चौकट (फ्रेम, म्हणजे आवाजाचा एक तुकडा) ३२ मिलिसेकंदांची. ती खराब झाली की डीकोडर तेवढा भाग गाळतो. मोठ्या डिशने फरक पडतो, सॉफ्टवेअरने नाही.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळांनी ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी आवाज पुढे-मागे सरकवता येतो.

पुढचे दोन स्पीकर बसण्याच्या जागेपासून डाव्या-उजव्या बाजूला ३० अंशांवर, मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. भिंतीला पाठ लावून बसायची सवय असेल तर मागचे स्पीकर मोकळे बोलू शकत नाहीत. खुर्ची निदान दीड-दोन हात पुढे ओढा. उंच छप्पर, उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या जुन्या घरात आवाज घुमतो आणि दिशा हरवते. जाड पडदा आणि समोर जमिनीवर चटई घातली तरी बोलणे स्पष्ट होते. तपासणीसाठी ५.१ मध्ये येणारा फुटबॉलचा सामना लावा. समालोचन मधल्या स्पीकरमधून आणि प्रेक्षकांचा गजर चारी बाजूंनी आला पाहिजे.

कार्यक्रम रेकॉर्ड करायचा असेल तर तो टीएस (प्रक्षेपण येते त्याच रूपातली) फाइल म्हणूनच ठेवा. त्यात मूळ एसी३ जसाच्या तसा राहतो. एमपी४ करताना बहुतेक सॉफ्टवेअर आवाज दोन चॅनेलच्या एएसी या प्रकारात बदलतात. म्हणून रूपांतर करावेच लागले तर ऑडिओपुढे ‘कॉपी’ किंवा ‘पासथ्रू’ निवडा आणि तयार झालेली फाइल पुन्हा कंट्रोल आणि जे दाबून तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका.